बारा शब्दांची किल्ली

चाकणच्या कारखान्यातील कामगार आपला पगार बँकेत ठेवतो. पासबुक हरवले, तर बँक त्याला नवे देते. परंतु बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे तसे नसते.

हे चलन मोबाइलमधील पाकिटातून वापरतात. मोबाइल हरवला, तर १२ किंवा २४ शब्द ठरलेल्या क्रमाने लिहून ते पाकीट पुन्हा उघडता येते. पण हे शब्द चोराला कळले, तर तोही ते उघडू शकतो. मग गेलेले धन कोणतीही बँक परत आणू शकत नाही.

म्हणून हे शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवावेत. त्यांचा फोटो काढू नये. कोणी फोनवर विचारले, तरी सांगू नयेत.

आपल्या धनाची चर्चाही करू नये. जानेवारी २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड भागात एका माणसाचे अपहरण झाले. त्याच्याजवळ ३०० कोटी रुपयांचे बिटकॉइन आहेत, असा अपहरण करणाऱ्यांचा समज होता. या प्रकरणात एका पोलीस कर्मचाऱ्यालाही अटक झाली.

मुलांनो, कुलूप कितीही मजबूत असो, किल्ली सांभाळणारा सावध हवा.