तक्रार करावी, पण नेमकी

घरून निघताना स्कूटर खडखडत असते. मेकॅनिकच्या दारात पोचलो, की आवाज बंद! तो आपल्याकडे पाहतो, आपण स्कूटरकडे. श्रोतेहो, हा अनुभव तुम्हांलाही असेल. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तर तो नेहमीचाच.

वेबसाइट बांधण्यासाठी तयार सांगाडे मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. २००४ साली आलेले 'रूबी ऑन रेल्स' हे त्यांपैकी एक. त्याची आज्ञावली सर्वांना खुली आहे. कोणीही वापरावी, सुधारावी. जगभरची माणसे ती सांभाळतात, त्यांतली पुष्कळशी विनामोबदला. आता तीत दोष, म्हणजे 'बग', सापडला तर कळवायचा कसा? "चालत नाही" एवढ्याने भागत नाही. आपला सगळा प्रोग्रॅम पाठवावा, तर हजारो ओळींत दोष हुडकणार कोण? शिवाय त्यात गिऱ्हाइकांची खासगी माहितीही असू शकते.

म्हणून रेल्सच्या मंडळींनी तक्रारीचे नमुने तयार ठेवले आहेत. नमुना म्हणजे एकच छोटी फाइल. ती चालवली, की संगणकाच्या मेमरीत तात्पुरता डेटाबेस उभा राहतो. त्यात उदाहरणादाखल एक लेख आणि त्याला जोडलेला एक अभिप्राय असतो. शेवटी चाचणी: या लेखाला अभिप्राय किती? उत्तर 'एक' यायला हवे. तक्रारदाराने हे उदाहरण काढून तिथे आपली अडचण मांडायची. मी असे केले, अमुक घडायला हवे होते, तमुक घडले. ही फाइल दुसऱ्या देशातल्या माणसाने चालवली, की तोच दोष त्याच्याही डोळ्यांसमोर घडतो. "माझ्याकडे तर नीट चालते" म्हणायला जागा उरत नाही. खडखडणारा भाग तेवढा सुटा करून मेकॅनिकच्या हाती द्यावा, तसेच हे. २०१६ साली आलेल्या 'नेक्स्ट जेएस' या फ्रेमवर्कसाठीही असा नमुना उपलब्ध आहे.

माझा भाचा याच व्यवसायात आहे. एकदा तो रागारागाने तक्रार लिहायला बसला. नमुन्यात बसवण्यासाठी आपल्या प्रोग्रॅममधला एकेक भाग कमी करत गेला. अर्ध्या वाटेत दोषच नाहीसा झाला! चूक फ्रेमवर्कची नव्हती; नुकत्याच काढलेल्या, त्याच्याच एका ओळीची होती. हसून म्हणाला, "मामू, तक्रार लिहिता लिहिता तक्रारच मिटली."

दोष खरा निघाला, तर तीच चाचणी पुढेही उपयोगी पडते. दुरुस्तीनंतर ती उत्तीर्ण व्हावी लागते. पुष्कळदा ती कायमची जपून ठेवतात, म्हणजे तो दोष पुन्हा डोके वर काढताच कळतो.

फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल कुरकुर करणे सोपे असते. पण ती सांभाळणाऱ्याचा वेळ फुकट नसतो. तासभर आपण खपलो, तर त्याचा दिवस वाचतो. दुखते कुठे, ते बोट ठेवून सांगता आले, की निम्मा इलाज तिथेच झाला.