मोटारीतला वारा मंदावला तर



मे महिना. वणीहून यवतमाळला निघालात. बाहेर पारा ४५ अंशांच्या घरात, मागे म्हातारी आजी बसलेली. पंखा घरघरतो, पण वारा काही अंगाला लागत नाही. कोणी म्हणतं, "गॅस संपला, भरून घ्या." थांबा! गॅसचं काम हवा गार करण्याचं. ती लोटण्याचं काम पंख्याचं. वारा जोरात येऊनही गार नसेल, तर गॅसची शंका घ्यावी. वाराच मंद असेल, तर आधी त्याची वाट पाहावी.

आपल्याकडे ही वाट लवकर तुंबते. रस्त्याची धूळ, वणीकडची कोळशाची भुकटी, जिनिंगजवळचे कापसाचे तंतू, सारं फिल्टरमध्ये अडकतं. पुष्कळ गाड्यांत तो डाव्या आसनासमोरच्या खणामागे असतो. इंजिन बंद करा, किल्ली काढा, मगच हात घाला. फिल्टर कागदी असेल तर हलकेच झटका, धुऊ नका. काळा पडला असेल तर नवा बसवा.

गुरुजींनी वर्गात करून दाखवावं: नळीच्या तोंडाशी कापडाचा एक पदर धरून फुंका, मग चार पदर धरून. मुलांना लगेच उमजेल.

आता आवाज ऐका. पंख्याचा आकडा वाढवताच फडफड वाढली, तर पात्यात काही अडकलं असावं. गाडी निंबाच्या सावलीत ठेवतो ना आपण? काचेखालच्या जाळीतून पानं, काड्या आत जातात. कुईं कुईं आवाज आला, तर पंख्याच्या मोटरचं बेअरिंग झिजलं असावं. हवेची दिशा बदलताना कटकट झाली, तर आतली झडप फिरवणारं यंत्र तपासावं. पंखा फक्त शेवटच्या आकड्यावर चालत असेल, तर बहुधा वेग आवरणारा रोधक जळालेला असतो.

आणखी एक खूण. लांबच्या प्रवासात वारा हळूहळू कमी होतो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा येतो. म्हणजे आतल्या थंड नळ्यांवर बर्फ धरला. त्याला तुंबलेला फिल्टरही कारण असतो, आणि कमी झालेला गॅसही.

तेव्हा मेकॅनिककडे जाताना आवाज कसा, केव्हा आणि कोणत्या आकड्यावर येतो, हे कागदावर लिहून न्या. दुखणं नीट सांगितलं, की उपायही नेमका होतो आणि पैसाही वाचतो, बरं का!