नादारी आणि तुटलेला हात

माझी वकिली दोन कायद्यांत गेली. एक कामगार नुकसानभरपाईचा, दुसरा नादारीचा. बाररूममध्ये या कामाला प्रतिष्ठा नाही. फीचे तर विचारूच नका. परंतु या दोन प्रकरणांतला माणूस बहुधा एकच असतो. प्रेसखाली बोटे जातात, मजुरी थांबते आणि सावकार दारात उभा राहतो. हे अंगठे कोणत्या वस्तीतून येतात, ते या वाचकांना सांगायला नको.

१९२३ च्या भरपाई कायद्याने अवयवांचे भाव ठरवले होते: अंगठा ३० टक्के, एक डोळा ४० टक्के. मालकाचा वकील हाच तक्ता पुढे करतो. अशा वेळी मी श्रीनिवास सबता खटला वाचून दाखवीत असे. १९६८ साली सिनेमागृहात काम करताना एक सुतार पडला, त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकी होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये मानले. शिवाय भरपाईचे देणे अपघाताच्याच दिवशी लागू होते, असेही सांगितले. म्हणजे प्रश्न हाताचा नाही, त्या हाताने चालणाऱ्या धंद्याचा आहे.

मुकादम थोडे पैसे टेकवून 'हक्क सोडला' अशा कागदावर अंगठा घेतो. असा करार या कायद्याने रद्दबातल होता. सावकारालाही भरपाईची रक्कम जप्त करता येत नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कारागिराची हत्यारे आणि मजुराची मजुरीही जप्तीबाहेर आहे. दरखास्तीचा बेलीफ हे आपण होऊन सांगत नाही.

नादारीसाठी मुंबईत १९०९ चा कायदा, इतरत्र १९२० चा. ऋण ५०० रुपयांचे असले तरी अर्ज करता येतो. केवळ गरिबीपायी फेडता येत नाही म्हणून ऋणकोला तुरुंगात घालू नये, असा निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये दिला. २०१६ च्या संहितेत गरिबांसाठी कर्जमुक्तीची वेगळी वाट आहे: वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, ऋण ३५ हजारांपर्यंत, स्वतःचे घर नसावे. कंपन्यांचा भाग १ डिसेंबर २०१६ ला अंमलात आला. कंपन्यांना जामीन राहिलेल्यांचा डिसेंबर २०१९ मध्ये. गरिबाची वाट मात्र कागदावरच आहे. ज्याचे कर्ज मोठे, त्याच्यासाठी कायदा लवकर जागा होतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून भरपाईचा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. कायदा बदलला तरी पुरावा तोच लागतो. म्हणून कार्यकर्त्यांनी अपघाताच्या दिवशीच हजेरीपटाची नोंद, दवाखान्याचा केसपेपर आणि दोन सहकाऱ्यांचे जबाब मिळवावेत. आठवड्याने तोच मजूर कामावर नव्हताच, असे लिहिलेले सापडते.