दारातली सेवा, भाग 6 : मंडप कुठे टाकला होता?

मुकुंदवाडीच्या अंगाला असलेल्या एका वस्तीत काही वर्षांपूर्वी आम्ही बायकांसाठी रक्ततपासणीचे शिबिर घेतले. हिमोग्लोबिन तपासायचे, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि ज्यांचे रक्त फारच कमी भरेल त्यांना घाटी रुग्णालयात पाठवायचे, एवढा साधा बेत होता. डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या, गोळ्यांची खोकी आली, मंडप पडला, भोंग्यावरून सकाळपासून पुकारा सुरू होता. दुपारी दोनपर्यंत विसाच्या आतच बायका आल्या. आवराआवर करताना आमच्यातला एक जण म्हणाला, "या लोकांना आरोग्याचं महत्त्वच कळत नाही." मीही मान डोलावली. ते डोलावणे मला अजून टोचते.

पुढच्या आठवड्यात त्याच वस्तीतल्या एका मावशींकडे चहाला बसले होते. मावशी सिडकोत चार घरची धुणीभांडी करतात. शिबिराचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मंडप कुठं टाकला व्हता तुम्ही?"

चौकात, टपरीसमोर.

"मग? तिथं दिवसभर गडीमाणसं बसत्यात. त्यांच्या म्होरं बोट टोचून घ्यायला कुणाच्या सुना येतील?"

मग एकेक गोष्ट निघत गेली. शिबिराची वेळ दहा ते दोन. कामाला जाणाऱ्या बायका सकाळी सातला घर सोडतात, तीनला परततात. भोंग्यावरून आम्ही 'अशक्त महिलांची मोफत तपासणी' असे ओरडत होतो. "लग्नाची पोरगी त्या मंडपात दिसली की झालं. पोरीत काहीतरी कमी हाय, असं उद्या सोयऱ्यांच्या कानावर जातंय." आणि ज्या ओट्याला लागून मंडप होता, त्या ओट्याकडे पलीकडच्या गल्लीतली माणसे एरवीही फिरकत नाहीत. का, ते मावशींनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. दोघींनाही ठाऊक होते.

बायकांनी न येण्याची सगळी कारणे आम्हीच पुरवली होती, आणि वर दोष त्यांच्या समजुतीवर ठेवला होता.

मागच्या पाच भागांत कोणती सेवा कुठे मिळते ते पाहिले. आजचा भाग त्या सेवेच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा. सरकारी कागदावर त्याला 'लाभार्थी' म्हणतात, समाजकार्याच्या वर्गात 'सेवार्थी'. मला दुसरा शब्द जवळचा वाटतो. लाभार्थ्याने दिलेले घ्यावे आणि अंगठा उठवावा, एवढीच अपेक्षा असते. सेवार्थी काहीतरी मनात धरून येतो. त्याच्यामागे घर असते, बोली असते, जात असते, सासू असते, मुकादम असतो, ऐकलेल्या गोष्टी असतात. केसपेपरवर नाव एकाचे लागते, पण निर्णय एवढ्या सगळ्यांनी मिळून घेतलेला असतो.

आपल्या शहरात तर हे फारच ठळक दिसते. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. त्यात साधारण निम्मे हिंदू, तीस टक्क्यांच्या थोडे वर मुस्लिम आणि पंधरा टक्के बौद्ध. महाराष्ट्रात अशी घडण असलेली मोठी शहरे फार नाहीत. किराडपुऱ्यात दख्खनी बोलणारी आजी, भावसिंगपुऱ्यात विहारातल्या वंदनेनंतर घरी परतणारी शिक्षिका, नारेगावला भंगार वेचून पोट भरणारे कुटुंब, वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारा परभणीचा पोरगा, तांड्यावरून आलेली आणि घरात गोरमाटी बोलणारी बाई, हे सगळे एकाच खिडकीपुढे रांगेत उभे राहतात. खिडकीवरचा फलक एका भाषेत असतो आणि आतला आवाज एका सुरात.

या विषयाचा सर्वांत मोठा धडा आपल्या जिल्ह्याने 2021 साली गिरवला. नोव्हेंबर उजाडला तेव्हा करोनाच्या लसीची पहिली मात्रा राज्यात पात्र लोकांपैकी सुमारे 74 टक्क्यांनी घेतली होती. आपल्या जिल्ह्यात सुमारे 55 टक्क्यांनी. 36 जिल्ह्यांत आपण 26वे होतो. लस होती, केंद्रे होती, पैसा लागत नव्हता. तेव्हाचे जिल्हाधिकारी सुनील चव्हाण यांनी आदेश काढला : एक तरी मात्रा घेतल्याचा पुरावा नसेल तर रेशन, गॅस, पेट्रोल मिळणार नाही. देशभर त्या आदेशाची बातमी झाली. त्याच सुमारास आणखी एक पाऊल उचलले गेले, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही : संध्याकाळीही लस द्यायची. दिवसा माणसे शेतात आणि कामावर असतात, ही साधी गोष्ट मोहीम सुरू होऊन कित्येक महिने झाल्यावर वेळापत्रकात उतरली.

रेशनच्या धाकाने आकडे वाढले असतील. पण माझे मत स्पष्ट आहे : ज्या घरात रेशनच्या गव्हावर चूल पेटते, त्या घराला असा धाक दाखवणे अन्याय होता. आणि धाकाने माणूस सुई टोचून घेतो, पुढच्या वेळी विश्वासाने येत नाही. लोक का थांबले होते, हे ऐकायला फार कष्ट लागत नव्हते. रोजंदारीवाला म्हणे, "दोन दिवस ताप आला तर मजुरी कोण देणार?" तरुण सुनेच्या घरी भीती होती की लसीने मूल होत नाही. या भीतीला अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. पण आणीबाणीतली नसबंदी आजोबांच्या पिढीने पाहिलेली आहे. 1976 साली आपल्याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. सरकारची माणसे सुई घेऊन दारात आली की काय होते, याची आठवण घराघरात जपलेली असते. ती आठवण असलेल्या माणसाशी आधी बोलावे लागते, आणि ओळखीच्या तोंडाने बोलावे लागते. मशिदीतून झालेली एक सूचना, गल्लीतल्या आशाताईंनी सासूशी केलेल्या गप्पा, यांनी दारे उघडतात.

हे काम आपल्या शेजारीच कुणी तरी फार आधी करून दाखवले आहे. बीडच्या सीमेवरच्या जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प उभा केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावांत पाठवल्या. त्या गावात रुजल्या नाहीत. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बऱ्याच जणी निरक्षर, बऱ्याच दलित. प्रशिक्षणाला या सगळ्या एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या. ज्या काळात गावात पाणवठे वेगळे होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. नंतर बाळंतपणे, जुलाब, कुष्ठरोग यांची माहिती याच बायकांच्या तोंडून गावाने ऐकली. पाण्याच्या पंपांची हकिगत तर प्रत्येक समाजकार्याच्या विद्यार्थ्याने पाठ करावी अशी आहे. दुष्काळात कूपनलिका घ्यायच्या होत्या. आरोळ्यांनी पंप बसवण्यासाठी दलित वस्तीतल्या जागा धरल्या. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यायचे. चर्चा नाही, भाषण नाही. घागर घेऊन चालत यावे लागले. 1979 साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' सुरू केल्यावर आदिवासींनाच विचारले, तुम्ही दवाखान्यात का जात नाही? उत्तर आले, तिथली माणसे पांढरे कपडे घालतात, आणि आम्ही पांढरे कापड मेलेल्याला घालतो. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, घरच्यांना जवळ राहू देत नाहीत. मग दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला गेला, नातेवाईक सोबत राहतील असा, आणि नाव मिळाले लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे. त्याच बंग दांपत्याचा 1989चा अभ्यास अजून काळजाला लागतो : तपासलेल्या खेड्यातल्या बायकांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अंतर्गत तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. दुखणे अंगावर काढणे ही आपल्याकडे बाईची शिकवण आहे. तिला 'आधी का नाही आलीस?' म्हणून खेकसणाऱ्यांनी हा आकडा टेबलावर लिहून ठेवावा.

आता एक अगदी रोजची अडचण सांगते, कारण ती बातमीत कधी येत नाही. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. मुलीचे नाव सासरच्या अंगणवाडीत नोंदलेले, सातव्या महिन्यात ती ओटी भरून सिल्लोडला किंवा भोकरदनला आईकडे गेली. तिथल्या आशाताईंच्या वहीत ती पाहुणी. इकडच्या ताईंच्या वहीत ती गैरहजर. त्यात आधारवर माहेरचे आडनाव, बँकेत सासरचे, आणि काही घरांत लग्नात पहिले नावही बदललेले. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये देणारी मातृवंदना योजना 2017 साली आली, तेव्हा नवऱ्याचेही आधार मागत. नवऱ्याने टाकलेल्या बाईने ते कुठून आणायचे? ती अट पुढे ढिली झाली, पण तोवर किती जणींनी अर्ज अर्धवट सोडला असेल. माहेरी जाणे ही आपली चांगली रीत आहे, थकलेल्या पोरीला आईचा हात मिळतो. रीत बदलायची गरज नाही. वही तिच्या मागून जायला हवी.

क्षयरोगाचे उलटे आहे. तिथे सेवा घरी येते, आणि तेच नको असते. औषधे फुकट, पोषणासाठी पैसेही मिळतात, पण आरोग्य खात्याची व्यक्ती दारात उभी राहिली की गल्लीला कळते. नव्या नवरीचा आजार सासरी कळला तर तिची पाठवणी ठरलेली. म्हणून अशा कित्येक जणी आपल्या भागातले केंद्र टाळून लांबच्या केंद्रावर रिक्षाचे पैसे घालून जातात. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे 'उपचार सोडले' लागते. एका आशाताईंनी यावर स्वतःच तोड काढली : अशा घरी जाताना त्या लहान मुलांच्या लसीची पिशवी घेऊन जातात, म्हणजे कुणी काही विचारत नाही. त्यांना हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेले नाही.

सामाजिक कारणे माणसाला सेवेपासून लांब ठेवतात, एवढेच आपण धरून चालतो. ती भलत्या सेवेकडे ढकलतातही. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी नाही. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याची जी पाहणी आली, त्यात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. यातल्या बऱ्याच जणी तरुण होत्या. त्या दवाखान्यात गेल्या नाहीत असे नव्हे, गेल्या. पण त्यांच्या मनात मुकादमाची उचल होती आणि समोर 'पिशवी काढा, कटकट जाईल' म्हणणारा डॉक्टर होता. आपल्या पैठण, कन्नड, सोयगावातूनही दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात. जानेवारीत तिथे महिला आरोग्य शिबिर ठेवणाऱ्याला गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे तेवढी भेटतील.

चांगली उदाहरणे शहरातही आहेत. 2021 साली बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीने घरातल्या पुस्तकांपासून मोहल्ला बाल वाचनालय सुरू केले आणि पुढे अशी वाचनालये शहरातल्या इतर मोहल्ल्यांत गेली. मोठ्या ग्रंथालयात ज्या मुलींना एकटे पाठवले जात नाही, त्या गल्लीतल्या ओळखीच्या घरी पुस्तक आणायला जातात. अंतर दोन किलोमीटरवरून दोन दारांवर आले.

वाचकांपैकी बरेच जण गणेश मंडळात, भिशीत, विहार समितीत, मशिदीच्या कमिटीत, रोटरीत असतील. तुम्ही शिबिर, वर्ग, वाटप ठरवत असाल तर फलक छापायला देण्याआधी त्या वस्तीतल्या तीन बायकांच्या घरी जा, आणि त्या तिघी एकाच गल्लीतल्या नसाव्यात. वेळ कोणती, जागा कोणती, टेबलामागे कोण बसलेले चालेल आणि भोंग्यावर काय म्हणायचे नाही, एवढे विचारा. त्या सांगतात. आजवर मला कुणीही सांगायला नकार दिलेला नाही.

आम्ही त्या वस्तीत दुसरे शिबिर अंगणवाडीच्या आतल्या खोलीत, दुपारी चारनंतर घेतले. पुकारा केला नाही, मावशींनी घरोघर सांगितले. दिवेलागणीपर्यंत गोळ्यांची खोकी रिकामी झाली. पलीकडच्या गल्लीतल्या बायका मात्र त्याही दिवशी आल्या नाहीत. म्हणून तिसरे शिबिर आम्ही त्यांच्या गल्लीतल्या विहारात ठेवले आणि निरोप साऱ्या वस्तीला दिला. त्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या जणी आल्या; अलीकडून चौघी आल्या, मावशी त्यांच्यात होत्या. तेव्हापासून आमची शिबिरे विहारातच होतात.