सौर पॅनेल जोडण्यापूर्वी दाब पाहावा

मळ्यातील वस्तीवर दिवा, पंखा व मोबाईल यांसाठी उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी, म्हणजेच पोर्टेबल पॉवर स्टेशन, सोयीची ठरते. ती सौर पॅनेलवर भरता येते. परंतु पॅनेल निवडताना केवळ वॅटचा आकडा पाहिल्यास महागडी पेटी निकामी होण्याचा संभव असतो.

पेटीच्या माहितीपत्रकात सौर विजेसाठी व्होल्ट व अँपिअर यांच्या मर्यादा दिलेल्या असतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. पाईपात त्याच्या ताकदीपेक्षा अधिक दाबाचे पाणी सोडल्यास तो फुटतो. त्याचप्रमाणे दाब मर्यादेबाहेर गेल्यास पेटीतील यंत्रणा जळू शकते. अँपिअर म्हणजे प्रवाह. बहुतेक पेट्या झेपेल तेवढाच प्रवाह ओढून घेतात. तथापि माहितीपत्रकातील मर्यादा पाळावीच.

पॅनेलच्या पाठीवरील पट्टीवर 'व्ही.ओ.सी.' या अक्षरांपुढील आकडा पाहावा. भार नसतानाचा हा दाब २५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. थंडीत तो दर अंशामागे सुमारे ०.३ टक्के वाढतो. निफाड भागात हिवाळ्यात पहाटे पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे २० अंशांच्या फरकाने दाब सुमारे ६ टक्के वाढतो.

समजा, पेटीची मर्यादा ५० व्होल्ट व ५४० वॅटच्या पॅनेलचा दाब ४९.५ व्होल्ट आहे. ही जोडी जुळती भासते. परंतु थंडीच्या सकाळी दाब सुमारे ५२.५ व्होल्ट होईल. उन्हाळ्यात बिनबोभाट चाललेली पेटी पौषात अशी बिघडू शकते.

२२ व्होल्टची लहान पॅनेले एकसर जोडल्यास दाबांची बेरीज होते. दोन पॅनेलांचे ४४ व्होल्ट थंडीत सुमारे ४६.६ होतात, ते चालतील. तिसरे जोडल्यास ६६ होतात. ते चालणार नाहीत. समांतर जोडणीत दाब २२ व्होल्टच राहतो, प्रवाहाची मात्र बेरीज होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढील क्रम समजावून द्यावा :

१. पेटीची व्होल्टमर्यादा पाहावी.
२. पॅनेलांच्या एकूण दाबात थंडीची वाढ मिळवावी.
३. ही बेरीज मर्यादेच्या आत असेल तरच अँपिअर व वॅट पाहावेत.
४. जोडण्यापूर्वी मल्टीमीटरने धन व ऋण टोके तपासावीत.

भर दुपारी तापलेल्या पॅनेलचा दाब कमी भरतो. यास्तव केवळ त्या मापावर विसंबू नये.