पंधरा दिवसांची पाहुणी

"वहिनी, फक्त पंधरा दिवस. तोवर आम्ही तिला कायमचं घर शोधतो."

गेल्या आषाढातली संध्याकाळ. बाहेर साताऱ्याचा पाऊस कोसळत होता, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती आणि दारात आमच्या पेठेतली दोन प्राणिमित्र मुले उभी होती. एकाने गोणपाटात गुंडाळून काहीतरी उराशी धरले होते. त्या गोणपाटातून दोन डोळे तेवढे दिसत होते. मी "बरं" म्हणाले. घरात कुणालाही न विचारता म्हणाले. ही माझी पहिली चूक. पुढे आणखीही केल्या. मैत्रिणींनो, निदान त्याच चुका तुम्ही करू नयेत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

गोणपाटात होती ती साधी गावठी कुत्री. गावाबाहेरच्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात ती बांधलेली होती. मालकांचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलले, सामान ट्रकमध्ये चढले आणि ही मागे राहिली. शेजारची एक बाई भिंतीवरून भाकरीचा तुकडा टाकी, त्यावर जगली. पिल्लू असताना घातलेला पट्टा कुणी सैल केलाच नव्हता. कुत्री वाढली, पट्टा तेवढाच राहिला आणि मानेच्या मांसात रुतला. तो डॉक्टरांना भूल देऊन कापून काढावा लागला. वजन भरले ९ किलो. असायला हवे होते १५-१६.

प्राण्याला फार आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणे, पुरेसे अन्नपाणी न देणे, वाऱ्यावर सोडून जाणे हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत पावसाळ्यात कोथिंबिरीच्या दोन जुड्या येतात की नाही, हे तुम्हीच सांगा.

पहिले आठ दिवस

हे बँकेतून आले, मोरीच्या बाजूला पोत्यावर बसलेली ती पाहिली आणि एवढेच म्हणाले, "पंधरा म्हणजे पंधरा हं." सासूबाईंनी देवघराचे दार ओढून घेतले. "ठेवायची तर ठेवा बाई, पण माझ्या सोवळ्यात नको."

आणि तिला? तिला आमच्यापैकी कुणीच नको होते. भिंतीकडे तोंड करून बसायची. कुणी समोर असले की खायची नाही. फडक्याला हात लावला तरी थरथरायची, जागीच लघवी करायची. मला वाटले होते, उपाशी जीव, पोटभर घातले की दोन दिवसांत शेपूट हलवील. म्हणून पहिल्याच रात्री पातेलेभर दूधभात कालवला. तिने तो मी वळल्यावर अधाशासारखा संपवला आणि रात्रभर तिचे पोट वाहत होते. फरशी पुसता पुसता मला पहाट झाली.

पशुवैद्य डॉक्टर रागावलेच. "अहो, फार दिवस उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम भरपूर घालायचं नसतं. जिवावर बेततं. आणि मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दूध पचतच नाही." मग ठरले : दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, मऊ भात, उकडलेले अंडे किंवा कोंबडी, चमचाभर दही. दर आठवड्याला थोडे वाढवायचे. कोंबडीचे शिजलेले हाड कधी घालायचे नाही. ते मोडून त्याचे सुळके होतात आणि आतड्यात रुततात. आपण मात्र आजवर तेच हाड मायेने कुत्र्यापुढे टाकत आलो!

घंटा काढून घेतली

आता जी चूक सांगते, ती सांगताना आजही लाज वाटते.

सहाव्या दिवशी मी तिच्या ताटलीजवळून फडके फिरवत होते. ती गुरगुरली. मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि फाडकन तिच्या पुढ्यात आपटली. "गप! खाल्ल्या घरावर गुरगुरतेस?" असे दोनतीनदा झाले आणि तिचे गुरगुरणे थांबले. मी शेजारणीला फुशारकीने सांगितलेसुद्धा, "दोन दिवसांत वळण लावलं बघा."

बाराव्या दिवशी आमचा सातवीतला मुलगा तिची ताटली उचलायला वाकला. आवाज नाही, इशारा नाही. तिने सरळ हात पकडला. दोन दात लागले, रक्ताचे थेंब आले.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. तेवढे मात्र मला माहीत होते : जखमेवर हळद, चुना, तिखट काही भरायचे नाही. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे हात धुतला आणि तशीच सरकारी रुग्णालयात गेले. कुत्रीला आठ-दहा दिवसांपूर्वीच रेबीजची लस दिलेली होती, तरीही तिथल्या डॉक्टरांनी थांबायचे नाही असे बजावले. रक्त आले होते म्हणून लशीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही दिले. पुढच्या सुया ३ऱ्या, ७व्या आणि २८व्या दिवशी. एकही चुकवायची नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते.

रात्री हे म्हणाले, "उद्या सकाळी ती या घरात नको." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलाच्या हाताची पट्टी पाहून माझ्यातली आईही तेच म्हणत होती.

सकाळी दोघेही पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी एकच विचारले, "आधी गुरगुरत होती का?"

"होती. पण मी ती सवय मोडली."

डॉक्टर जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "वहिनी, गुरगुरणं म्हणजे तिची घंटा. 'मला भीती वाटतेय, लांब राहा,' एवढंच ती सांगत होती. तुम्ही भीती तशीच ठेवलीत आणि घंटा तेवढी काढून घेतलीत."

परतताना स्कूटरवर आम्ही दोघेही गप्प होतो. घराजवळ आल्यावर हे म्हणाले, "चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं म्हणाले ना? मग दहा दिवस तरी राहू दे." दयेने नव्हे, नियमाने ती राहिली.

ताटली हिसकावणारे हात

त्या दहा दिवसांत आम्ही घराची रीत बदलली. तिची ताटली मागच्या पॅसेजमध्ये एका ठरलेल्या कोपऱ्यात. मध्ये लाकडी फळीचे फाटक. ती खाताना मुलाने फाटक ओलांडायचे नाही. मी चार हातांवरून जायचे, अंड्याचा एक तुकडा तिच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे निघायचे. रोज तसेच. पुढे तीन हातांवरून, मग दोन. तिच्या आजवरच्या आयुष्यात ताटलीजवळ आलेला हात काहीतरी हिसकायलाच आला असणार. हा हात काहीतरी ठेवून जातो, हे तिला पटायला तीन आठवडे लागले.

आम्हीही तिची भाषा शिकलो. खायला काही नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग एकदम ताठ होणे ही सगळी "नको" म्हणण्याची रूपे आहेत. ती ओळखली तर गुरगुरण्यापर्यंत वेळच येत नाही.

तिचे नाव आम्ही मुद्दामच ठेवले नव्हते. जायचीच आहे, नाव ठेवले की माणूस अडकते. पण एका दुपारी सासूबाईंचा आवाज कानावर आला, "ये गं ठकी, ये." पूर्वी मुली खेळायच्या त्या लाकडी बाहुलीचे नाव! देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठकी बसली होती आणि सासूबाई नैवेद्याच्या पोळीचा तुकडा तिच्यापुढे ठेवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "बघतेस काय? नामदेव तर तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते. मी आपली नुसती पोळी देतेय."

बघायला आलेली मंडळी

असे चाळीस दिवस झाले. ठकीचे वजन १३ किलोवर गेले. आणि त्या मुलांचा फोन आला, "वहिनी, स्थळ मिळालं."

कोरेगावकडची मंडळी होती. चांगली माणसे, स्वतःचे घर, मोठे अंगण. सासूबाईंनी सवयीने पोहेही केले. पाहुण्यांना कुत्री पसंत पडली. गृहस्थ म्हणाले, "राखणीला बरी आहे. दिवसा बांधून ठेवू, रात्री सोडू."

इतका वेळ पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनी मान वर केली. "साखळी किती लांबीची?"

"साखळी?" पाहुणे हसले. "असते तेवढीच."

हे काही बोलले नाहीत. निरोप देताना म्हणाले, "कळवतो." आणि रात्री जेवताना मला म्हणाले, "त्यांना सांगून टाक, पत्रिका जुळत नाही म्हणून."

पण या वेळी मी लगेच "बरं" म्हटले नाही. सगळ्यांना बसवले. वही घेतली. ही अजून दहाएक वर्षे जगेल. दिवाळीला माहेरी गेले तर तिला कोण पाहील? दर वर्षीच्या लशी, औषधे, खाणे यांचे पैसे कोणत्या खर्चातून काढायचे? सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेईल? सासूबाई म्हणाल्या, "दुपारचं मी बघेन." हे म्हणाले, "सकाळचं माझ्याकडे." मुलगा हाताच्या खुणेकडे पाहत म्हणाला, "राहू दे तिला. पण ताटली मी उचलणार नाही." ते आम्ही मान्य केले. आजही ताटली तो उचलत नाही आणि कुणी त्याला उचलायला सांगत नाही.

तुमच्याही मनात असेल तर

मुक्या जीवाला काही दिवस घरी ठेवून माणसाळवणे, याला हल्लीची मुले 'फॉस्टर' म्हणतात. प्राणिमित्रांकडे जागा कमी आणि आजार फार. म्हणून महिनाभराचा कोपरा मिळाला तरी एक जीव वाचतो. पाहुणीला चांगल्या घरी पाठवणी केलीत, तर तिची जागा पुढच्या जीवाला मिळते. तेव्हा निरोप देणाऱ्या बाईने आपण कठोर झालो असे मुळीच समजू नये. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवा :

• आधी घरातल्या सगळ्यांची संमती. एकटीच्या दयेवर कुत्रे पाळता येत नाही.

• आणल्याबरोबर डॉक्टरांना दाखवा : जंत, गोचीड, खरूज, लशी. गोचिडांवर रॉकेल किंवा फिनेल, खरजेवर गाडीचे जळके तेल असले उपाय करू नका. ती विषेच आहेत. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळीही देऊ नका.

• कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट कुत्र्याला घालू नका. फोडणीचे उरलेले वरणही नको.

• पहिले तीन दिवस भेदरण्याचे, तीन आठवडे घराची रीत शिकण्याचे, तीन महिने विश्वास बसण्याचे, असा एक ढोबळ आडाखा आहे. काहींना याहून जास्त लागतात. तेवढ्यात पाहुणे बोलावून कौतुक दाखवू नका.

• लहान मूल आणि नवे कुत्रे यांना मोठ्या माणसाशिवाय एकत्र सोडू नका. कुत्रे खात किंवा झोपलेले असताना तर नाहीच.

• मादीची नसबंदी करून घ्या. नको असलेली पिल्ले टळतात आणि गर्भाशयात पू होण्याचा धोकाही. २०२३ च्या नियमांप्रमाणे पाळीव कुत्र्याच्या लशी आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी आहे.

• सोसायटीत राहत असाल तर, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत म्हटले आहे. पण जिना घाण झाला तर फडके आपणच घ्यावे. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

• घरात ठेवणे जमणार नसेल, तरी उन्हाळ्यात दाराशी पाण्याचे भांडे ठेवता येते. शेजारच्या अंगणात एखादे जनावर दिवसचे दिवस बांधलेले दिसले, तर विचारपूस करता येते.

त्या शेवटच्या गोष्टीपाशी मी नेहमी थांबते. भिंतीवरून भाकरी टाकणारी ती अनोळखी बाई नसती, तर ठकी आमच्यापर्यंत पोहोचलीच नसती.

ठकीच्या मानेवर पट्ट्याच्या जागी आजही केस आलेले नाहीत. येणारही नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. तिच्या गळ्यात आम्ही पट्टा घालत नाही. फिरायला नेताना छातीभोवतीचा सैल पट्टा बांधतो. आणि माझा हात ताटलीजवळ गेला, तर कधीकधी ती अजूनही हलकेच गुरगुरते. मी हात मागे घेते. घंटा वाजतेय, एवढे मला पुरते.