बडोद्याची फिरती पेटी

अमेरिकेतली वाचनालये पाहून आलेल्या बडोदा संस्थानच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यात आणले. बॉर्डन तीन वर्षांत परतले, पण तोवर गावोगावच्या वाचनालयांची घडी बसली होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची. फुकट काही नाही. म्हणूनच गावाला वाचनालय आपले वाटे. जिथे तेही जमेना तिथे लाकडी पेटीतून पुस्तके जात, वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. निरक्षरांसाठी चित्रपट आणि स्टिरिओस्कोपची चित्रे! वाचनालय म्हणजे फक्त पुस्तके, हा हट्ट तिथे तेव्हाच सुटला होता. बडोद्यात गावाचाही वाटा ठरलेला होता; महाराष्ट्राचा १९६७चा ग्रंथालय कायदा अनुदान देतो, पण कर्नाटकासारखा ग्रंथालय उपकर त्यात नाही.